आल्मा शॉरॉकचं बिनआवाजी तोंड

विंडल मिलच्या साळखात्यात, जिथे पूर्वी माग चालायचे, आता कॉफीचं दुकान आहे. शेजारच्या पाच मजली इमारतीत, जिथे पूर्वी सूत निघायचं, तिथे मँचेस्टरला नोकरीला जाणारी तरुण जोडपी फ्लॅट घेऊन राहतात आणि उघड्या विटांच्या भिंतीचे जास्तीचे पैसे भरतात. हॅगडेनमधल्या जुन्या माणसांना याचं फार हसू येतं. त्या विटांवर गिलावा करायला मालकाने कधी पैसे सोडले नव्हते, एवढंच.

दर मंगळवारी सकाळी या दुकानात दोन म्हाताऱ्या येतात आणि दोन टोकांच्या दोन टेबलांवर बसतात. फ्रीडा पिलिंगला हीटरची ऊब लागते, आल्मा शॉरॉकला खिडकीतून रस्ता दिसावा लागतो. मधल्या टेबलांवर लॅपटॉप उघडून बसलेल्या लोकांच्या डोक्यांवरून दोघी एकमेकींकडे बघत ओठ हलवत राहतात. ओठ चांगले मोठे, सावकाश, भुवयांसकट हलतात; आवाज अजिबात नाही. काउंटरवरच्या मुलीला पहिले काही महिने वाटत होतं की दोघींच्या कवळ्या सैल झाल्यात. मग कुणीतरी तिला सांगितलं की त्या प्रार्थना करतात, तेव्हापासून ती त्यांना बिस्किट फुकट देते.

प्रार्थना वगैरे काही नसते. "निळ्या कोटवालीचा नवरा परत मीटिंगला गेलाय म्हणे," हे आल्मा म्हणते. "मीटिंग ब्रायर्ली लेनमध्येच आहे, गाडी बघून आले मी," हे फ्रीडा म्हणते. आणि निळ्या कोटवाली दोघींच्या बरोबर मध्ये बसून शांतपणे केक खात असते.

याला त्या भागात मीमॉ म्हणतात. आल्मा पंधराव्या वर्षी साळखात्यात लागली तेव्हा एका छपराखाली चारशे माग धडधडत होते. कानाचा उपयोग फक्त टोपी अडकवायला. शेजारणीशी बोलायचं तर ओठांनी बोलायचं आणि डोळ्यांनी ऐकायचं. महिन्याभरात सगळ्याजणी शिकायच्या, आणि मग ती सवय घरी, चर्चमध्ये, बाजारात सोबत यायची. कुणाचं गर्भाशय काढलं, कुणाचा नवरा रविवारी कुठे असतो, असल्या गोष्टी तर हॅगडेनमध्ये आवाजात कुणी बोलतच नसे. याचा एक अलिखित नियमही होता: जे बिनआवाजी बोललं, ते बोललेलं धरायचं नाही. आल्माने या नियमाच्या आधारावर एकोणऐंशी वर्षांपर्यंत मजल मारली होती. तिने आयुष्यात कुणाची निंदा केली नाही, असं ती शपथेवर सांगू शकत होती.

मंगळवार सोडून तिचे बाकीचे दिवस बोलिंग क्लबात जात. बागेमागची ती हिरवळ मध्ये कासवाच्या पाठीसारखी फुगलेली आहे. जॅक नावाचा छोटा चेंडू आधी पुढे जातो, आणि मग आपले मोठे चेंडू त्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. चेंडू एका अंगाला जड असतो, त्यामुळे तो सरळ कधीच जात नाही. जड बाजू अंगठ्याकडे धरा की बोटाकडे, यावर सगळं राजकारण. पूर्वी जुलैत सगळ्या गिरण्या पंधरा दिवस एकदम बंद व्हायच्या आणि अख्खं गाव समुद्रावर जायचं. त्या सुट्टीला वेक्स म्हणत. ज्यांना समुद्रावर जाणं परवडत नसे त्यांच्यासाठी क्लबाने वेक्स कप सुरू केला. जोडीजोडीने खेळायचं, आणि दोघांनीही हॅगडेनच्या गिरणीत पगार घेतलेला असला पाहिजे, ही अट. ही अट घातली तेव्हा गावात गिरणीत पगार न घेतलेला माणूस म्हणजे एक डॉक्टर आणि दोन पाद्री.

आता अशी माणसं एका बाकावर मावतात. म्हणून क्लबाने ठरवलं होतं की पुढच्या वर्षीपासून अट काढून टाकायची, कप सगळ्यांना खुला. म्हणजे गिरणीचा कप म्हणून तो शेवटचाच, आणि त्यावर आल्माचं नाव अजून नव्हतं. तिचा नवरा विल्फ जिवंत होता तोवर ती त्याच्याबरोबर खेळली. विल्फचा चेंडू त्याच्या स्वभावासारखाच होता, निघायचा उत्साहाने आणि अर्ध्यात थांबायचा. तो गेल्यावर फ्रीडाबरोबर ती तीनदा फायनलला पोचली आणि तिन्ही वेळा हिल्डा कॅटलोकडून हरली.

हिल्डा क्लबाची सेक्रेटरी. गिरणीत ती पगार-खिडकीच्या आत बसायची, मागांपासून लांब, त्यामुळे मीमॉ तिला कधी आलंच नाही. तिचा नवरा नॉर्मन बॉयलरवर होता. हिल्डाला कपात घेणंच आल्माला मान्य नव्हतं. पगार वाटणारीने स्वतःला एक पाकीट दिलं म्हणजे काय ती गिरणीत राबली? हे तिने सगळ्या सभांमध्ये सांगितलं होतं, अर्थात बिनआवाजी.

तर त्या वर्षी मे महिन्यात फ्रीडाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा महिने वाकायला बंदी केली. जोड्यांची नावं जूनच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फळ्यावर लागायची होती, आणि अटीत बसणारा, हातपाय चालणारा, कुणाचा जोडीदार नसलेला माणूस अख्ख्या क्लबात एकच उरला होता. युसूफ पटेल.

युसूफ तीन वर्षांपूर्वी क्लबात आला. गिरणी बंद पडल्यावर त्याने टॅक्सी चालवली, गावातल्या अर्ध्या बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या. बायको गेल्यावर तो घरात भिंतीकडे बघत बसायला लागला, तेव्हा मुलीने त्याचं नाव क्लबात घातलं आणि वर्गणीही भरून टाकली, म्हणजे बापाला वाया घालवता येऊ नये. युसूफ जुलैमध्येही लोकरी टोपी घालायचा, कमी बोलायचा, आणि चांगला खेळायचा. या तिन्हीबद्दल आल्मा आणि फ्रीडाने हिरवळीच्या दोन काठांवरून तीन वर्षं भरपूर चर्चा केली होती.

"चेंडू टाकतो की कबुतरांना दाणे?"

"टोपी बघ. विणणारीला मोतीबिंदू होता वाटतं."

"वाकतो कसा बघ, टॅक्सीच्या सीटखाली सुटे पैसे शोधल्यासारखा."

तो जिंकला की आल्मा एकच शब्द म्हणायची: "नशीब."

त्या आठवड्याच्या मंगळवारी कॉफी न पिताच आल्मा क्लबात गेली. युसूफ बाकावर बसून फडक्याने चेंडू पुसत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि आवाजात, चर्चमधल्या आवाजात, म्हणाली की फ्रीडाचं असं असं झालंय, कपाला जोडीदार हवाय, आणि पटेल, तुमचा खेळ मला पहिल्यापासून आवडतो.

युसूफने चेंडू खाली ठेवला. फडकं घडी करून गुडघ्यावर ठेवलं. मग तिच्याकडे बघत, भुवया चढवून, ओठ मोठे करत, एक शब्दही आवाज न काढता तो म्हणाला, "कबुतरांना दाणे टाकणारा माणूस चालेल तुम्हाला?"

क्लबाच्या खिडकीत बसलेल्या फ्रीडाने ते तिथून वाचलं आणि चहा मांडीवर सांडला.

आल्मा बाकावर बसली. तीन वर्षांत काय काय बोललो याची ती आठवण करायला लागली आणि पहिल्या उन्हाळ्यापर्यंतच पोचून तिने नाद सोडला. शेवटी तिने आवाजात विचारलं, हे तुम्हाला कसं येतं?

"शॉरॉकबाई," युसूफही आता आवाजात बोलला, "तेरा वर्षं विंडलच्या साळखात्यात रातपाळी केली मी. तुम्हाला काय वाटलं, रात्री माग हळू आवाजात चालायचे?"

आल्माला, फ्रीडाला, आणि खरं सांगायचं तर दिवसपाळीच्या एकाही बाईला हा विचार कधी शिवला नव्हता. दिवसपाळी इंग्रजांची, रातपाळी भरूच आणि मीरपूरकडून आलेल्या माणसांची, आणि संध्याकाळी फाटकात दोन रांगा एकमेकांना ओलांडून जायच्या, एवढीच ओळख. आत जाऊन ती माणसं काय करत असतील याचं दिवसपाळीच्या डोक्यात एकच चित्र होतं: मागांची वाट लावत असतील. युसूफला मीमॉ शिकवलं एका पोलिश म्हाताऱ्याने. मग रातपाळीने ते गुजरातीतही चालू केलं, कारण जॉबरबद्दल, म्हणजे मागांच्या मुकादमाबद्दल, जे बोलायचं होतं ते इंग्रजीत पुरेसं नीट येत नव्हतं.

"टोपी माझ्या बायकोने विणलीय," युसूफ म्हणाला. "डोळे शेवटपर्यंत उत्तम होते तिचे. घाईत विणली, कारण इथे आलो तेव्हा माझ्याकडे टोपी नव्हती."

आल्माने खाली हिरवळीकडे बघितलं. मग तो म्हणाला, खेळायला माझी ना नाही. पण आधी एक सांगा, तुमचे माग कुठले होते?

"दाराजवळच्या खांबापासून चार."

"माझेही तेच," युसूफ म्हणाला.

आता आल्माने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणजे हाच तो. तिच्या मागांवर रात्री कोण असतं हे तिला कधी माहीत नव्हतं, पण त्याच्याशी तिचं अनेक वर्षं युद्ध चाललं होतं. ती बुटकी, मागावर वाकायला तिला पायाखाली लाकडी खोकं लागायचं. बापाने बनवून दिलेलं ते खोकं रोज सकाळी शेडच्या दुसऱ्या टोकाला सापडायचं. तिचा अ‍ॅप्रन तिच्या हाताला न येणाऱ्या खिळ्यावर टांगलेला असायचा. मग तिने रातवाल्याच्या डगल्याच्या बाह्यांना गाठी मारल्या. मग त्याने तिच्या चहाच्या डब्यात सुताचा गुंता भरला. तिने मागाच्या दांड्याला तेल चोपडलं. एकमेकांचं तोंड न बघता दोघांनी एकमेकांना इतका त्रास दिला, की तेवढा विल्फशी संसार करतानाही आल्माने कुणाला दिला नव्हता.

"ते सगळं सोडून दिलं मी," युसूफ म्हणाला. "ती गंमत होती. पण वेक्सच्या आधीच्या त्या शुक्रवारचं काय ते बोला. आवाजात. इथे क्लबात, सगळ्यांसमोर. मग खेळतो."

"कुठला शुक्रवार?" आल्माने विचारलं.

युसूफने चेंडू पिशवीत भरले आणि टोपी सारखी करून तो घरी गेला. कुठला शुक्रवार ते तिला माहीत आहे, हे त्याने तिच्या ओठांवर वाचलं असावं. ते तिने न बोलताही.

शुक्रवार होता त्र्याहत्तर सालचा. वेक्सची सुट्टी दुसऱ्या दिवशी लागणार होती; रातपाळी शेवटची रात्र मारणार, सकाळी भोंगा वाजला की गिरणी बंद. दिवसपाळीच्या बायकांच्या सुटकेसा सकाळपासून फाटकावर ठेवलेल्या. संध्याकाळी पाळी सुटायला थोडा वेळ असताना आल्माच्या तिसऱ्या मागावर आडवं सूत नेणारा धोटा ताण्याच्या उभ्या तारांत अडकला आणि फणीने त्याच्यावर दणका दिला. शेकडो तारा तुटल्या. असं झालं की सांगायचं, जॉबरला बोलवायचं, आणि तार न् तार गाठ मारून जोडत बसायचं. गाडी सुटायला तासभर होता आणि विल्फ फाटकावर घड्याळ बघत उभा होता. आल्माने विणलेलं कापड तुटक्या ताण्यावर ओढून घेतलं, म्हणजे कुणाला दिसू नये, माग थांबवला आणि हात धुऊन निघाली. पगार कापडाच्या मापावर मिळायचा. ज्याच्या पाळीत माग बंद, त्याचं पाकीट हलकं. रातवाल्याने पहाटेपर्यंत तारा जोडल्या असणार, हे तिला ब्लॅकपूलला समुद्राकाठच्या बोर्डिंगहाऊसच्या पायरीवर बसून आइस्क्रीम खाताना कळत होतं. आइस्क्रीम तिने पूर्ण खाल्लं.

परत आल्यावर तिला कळलं की दंड रातपाळीला झाला. कुणी चौकशी केलीच नव्हती. विंडलमध्ये दिवसा काही मोडलं, तर ते रात्रीच मोडलेलं असायचं. ती काही बोलली नाही. जॉबरने विचारलं नाही, आणि न विचारता सांगायची तिला सवय नव्हती.

पुढचे तीन दिवस आल्माने आवाज वाचवण्यासाठी जमेल ते सगळं केलं. बुधवारी तिने बटाटा-कांद्याचं सारण भरून भट्टीत भाजलेला बटर पाय केला. त्याच्या आवरणात ती आयुष्यभर डुकराची चरबी घालत आली होती; युसूफसाठी नुसतं लोणी घातलं, आणि तो पाय गरमच त्याच्या दारात ठेवून आली. गुरुवारी सकाळी बशी परत आली, धुतलेली, आणि वर समोसे. सोबत निरोप: पाय छान होता, पण पाय बोलत नाही. समोसे आल्माने एका बैठकीत संपवले आणि फ्रीडाला सांगितलं की फार तिखट होते, टाकून दिले. बिनआवाजी सांगितलं, तेव्हा ते खोटं धरायचं कारण नव्हतं.

दुपारी ती त्याच्या घरासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. तो खिडकीत वर्तमानपत्र वाचत बसला होता. काचेतून नजरानजर झाल्यावर तिने मीमॉत सगळं सांगितलं. शुक्रवार, धोटा, कापड, ब्लॅकपूल, शेवटी माफीसुद्धा. तिच्या मते ती फार सुंदर माफी होती. रस्त्याने जाणाऱ्या पोस्टमनने तिला विचारलं, आजी, बरं वाटत नाहीये का. युसूफने वर्तमानपत्र खाली ठेवलं, हाताचा पंजा कानामागे धरला, आणि मान हलवली. ऐकू आलं नाही.

संध्याकाळी ती फ्रीडाकडे गेली. फ्रीडा पाय स्टुलावर ठेवून टीव्ही बघत होती.

"सांगून टाक," फ्रीडा म्हणाली. "मी बघितलं होतं तुला कापड ओढताना."

"तुला कोणी विचारलं?"

"कोणीच नाही. म्हणून तर पन्नास वर्षं गप्प आहे. मी शेजारच्याच मागावर होते, आल्मा. मलाही गाडी पकडायची होती."

आल्मा म्हणाली, तो म्हणेल तितक्या वेळा मी त्याची माफी मागते, पण हिल्डासमोर नाही. हिल्डासमोर तोंड उघडून चूक सांगितली की मी मेल्यावर ती माझ्या थडग्यावर येऊनही तेच बोलेल. फ्रीडा म्हणाली, हिल्डा तुझ्याआधी मरावी म्हणून तू इतकी वर्षं तब्येत सांभाळतेयस, आता थोडी घाई कर. मग खरं ते बोलली. "कप हवा असेल तर तोंड उघड. नको असेल तर टीव्ही बघ, आज स्वयंपाकाची स्पर्धा आहे."

आल्मा टीव्ही बघत बसली. बायका केक करत होत्या, आणि प्रत्येकीला काहीतरी चुकलं की लगेच रडू येत होतं, सगळ्या देशासमोर. तिला ते फार किळसवाणं वाटलं.

शुक्रवारी बाराला दहा मिनिटं कमी असताना क्लब भरलेला होता. हिल्डा फळ्याशी पेन घेऊन उभी होती. नॉर्मन नेहमीच्या खुर्चीत. बारवर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी निम्मे साळखात्याने बहिरे केलेले. युसूफ कोपऱ्यात टोपी घालून बसला होता, घड्याळाकडेही न बघता.

"आल्मा, तुझ्या जोडीचं काय?" हिल्डाने विचारलं. "नसेल तर नसेल, आता काय करणार. प्रेक्षकही लागतातच."

बहुधा त्या शेवटच्या वाक्यानेच काम केलं. आल्मा खोलीच्या मध्यभागी गेली.

"त्र्याहत्तरच्या वेक्सच्या आधी, शुक्रवारी, माझ्या मागावर धोटा अडकला आणि ताणा तुटला. मी त्याच्यावर कापड ओढलं आणि ब्लॅकपूलला गेले. दंड युसूफ पटेलला बसला. चूक माझी होती."

बारवरून आवाज आला, "काय म्हणाली?"

"काहीतरी तुटलं म्हणते," दुसरा म्हणाला.

"कुणाचं?"

आल्माने पुन्हा सांगितलं, वरच्या पट्टीत. नॉर्मनने कानाचं यंत्र काढून हलवलं, परत घातलं आणि म्हणाला की ब्लॅकपूलपर्यंत कळलं, पुढचं काय? तिसऱ्यांदा आल्मा ओरडलीच. साळखात्याच्या दारात उभं राहून चारशे मागांवरून ओरडावं तशी ओरडली. बाहेर हिरवळीवर गवत कापणाऱ्याने यंत्र बंद केलं. "दंड पटेलला बसला" हे वाक्य रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर ऐकू गेलं, असं नंतर तिथल्या लोकांनी सांगितलं.

"आणि?" कोपऱ्यातून युसूफ म्हणाला.

"आणि काय आणि?"

युसूफने हाताचा पंजा कानामागे धरला.

"आणि माफ कर," आल्मा म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

हिल्डा फळ्याकडे तोंड करून उभी होती. युसूफच्या पाकिटातून ते पैसे तिच्याच हाताने कापले गेले होते, हे तिला त्या क्षणी आठवलं की तिला ते कायमच आठवत होतं, कोण जाणे. तिने पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. युसूफ उठून मध्ये आला आणि आल्माला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की हिशेब पूर्ण करायचा तर त्याचंही एक बाकी आहे. त्या रात्री तारा जोडून झाल्यावर पहाटे त्याने तिचं खोकं पायाने फोडलं.

"ते मीच बॉयलरमध्ये घातलं ना?" नॉर्मन म्हणाला, त्याला हे नेमकं पहिल्याच वेळी ऐकू आलं. "मस्त सुकं लाकूड होतं."

आल्मा त्या सुट्टीनंतर दोन वर्षं रिकाम्या टोपलीवर उभी राहून काम करत होती, आणि झाडूवाल्याला शिव्या घालत होती. तिने युसूफकडे बघितलं आणि ओठांनी एक असा शब्द म्हणाली जो ती आवाजात कधी म्हणाली नसती. युसूफने तसाच बिनआवाजी त्याचा स्वीकार केला. मग दोघं फळ्याशी गेले. बारा वाजायला मिनिट होतं. हिल्डाने नावं लिहिली.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी फायनल झाली, आणि ती हिल्डा-नॉर्मन विरुद्ध आल्मा-युसूफ अशी झाली, याचं क्लबात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते शांततेचं. एरवी जोडीतला एक चेंडू टाकतो आणि दुसरा जॅकजवळ उभा राहून त्याला ओरडून सांगतो, हळू, जोरात, अंगठ्याकडून, बोटाकडून. समोरचेही ते ऐकतात आणि तसे खेळतात. युसूफ आणि आल्मा काही ओरडत नव्हते. हिरवळीच्या दोन टोकांना उभे राहून ते नुसती तोंडं वेडीवाकडी करत होते. मधल्या सुट्टीत हिल्डाने तक्रार केली. पंचाने नियमावली चाळली. चेहरे करण्यावर बंदी कुठे नव्हती.

अर्थात ते डावपेच बोलत होते असं समजणंही चूक आहे. निम्मा वेळ ते भांडत होते. एकवीसला डाव संपतो; वीस-वीसवर असताना जॅक फुगवट्याच्या पलीकडे उतारावर जाऊन थांबला, नॉर्मनचा चेंडू त्याला जवळजवळ चिकटून, आणि शेवटचा चेंडू आल्माच्या हातात उरला. पलीकडे उभ्या युसूफने ओठांनी सांगितलं, "अंगठ्याकडून. वरून सावकाश येऊ दे."

"बोटाकडून," आल्मा म्हणाली. "जोरात."

"जोरात टाकशील तर बसथांब्यावर जाईल."

"तू टॅक्सी चालव."

तिने बोटाकडून, जोरात टाकला. चेंडू तिला हवा होता तिथून चांगला दोन हात बाहेरून निघाला. फुगवट्यावर चढून तो भलत्याच वाटेने उतरला, आधी पडलेल्या युसूफच्या चेंडूला घासला, तिथून वळला आणि नॉर्मनच्या चेंडूला हलकेच बाजूला सारत जॅकला टेकून थांबला. पंचाने माप काढलं नाही. काढायची गरज नव्हती. फ्रीडाने दोन्ही हात वर केले, आणि काठी खाली पडली तरी ती उभीच राहिली.

"नशीब," युसूफने ओठांनी म्हटलं.

चहा झाला, कप आणला गेला. हिल्डाने हारही तिच्या पद्धतीने व्यवस्थित पार पाडली: हस्तांदोलन केलं, युसूफचा हात जरा जास्त वेळ धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि "टोपी छान आहे" एवढंच म्हणाली. मग कागद घेऊन तिने विचारलं, कपावर नावं कोरायला द्यायचीत, कुठलं आधी घालू?

आल्मा आणि युसूफ दोन टेबलांपलीकडे समोरासमोर उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"शॉरॉक आधी," आल्माने ओठ हलवले. "दिवस आधी, मग रात्र."

"आमच्यात तारीख सूर्य मावळला की बदलते," युसूफ म्हणाला. "रात्र आधी."

"शेवटचा चेंडू कुणाचा होता?"

"आणि तो घासला कुणाच्या चेंडूला?"

"मी तुझ्यासाठी बसथांब्यापर्यंत ओरडले."

"पन्नास वर्षं उशिरा. आणि तीनदा ओरडलीस, त्यातलं पहिल्यांदा मलाही नीट ऐकू आलं नाही."

आल्माच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या होत्या, युसूफ दोन्ही हातांनी हवेत तारा जोडून दाखवत होता, आणि खोलीत चमच्यांच्या किणकिणीशिवाय आवाज नव्हता. हिल्डा थोडा वेळ या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिली. मग ती फ्रीडाकडे वाकली. तुला कळतं ना, तिने विचारलं, काय चाललंय त्यांचं?

फ्रीडाने पाय नीट स्टुलावर घेतला.

"तुझ्या चहाची तारीफ करतायत," ती म्हणाली.

हिल्डाचा चेहरा जरा खुलला. आणखी टाकते, असं म्हणून ती किटली घ्यायला आत गेली.